घट्ट धरलेलं मनगट

माळ्यावरची पेटी काढून दे म्हटलं की तुझी कंबर धरते, आणि लेकीने गादीवर आपटलं की हसत उठतोस!

चिरंजीवास आशीर्वाद. मनातून नाहीत, रीत म्हणून लिहिते.

दर रविवारी माझ्याकडे जेवायला यायचास. आता रविवारी तुमचं ते आयकिडो, ती जपानी झटापट. बापलेकीचे सारखे पांढरे कपडे, तेही एकाच पिशवीत. परवा मला बघायला नेलंस, भिंतीजवळच्या खुर्चीत बसवलंस आणि विसरलास. तिने तुझा हात पिरगाळला, तू धाडकन पडलास, वर तिच्यापुढेच वाकलास! माझ्याशी साध्या बोलण्यातही कधी पडतं घेतलं नाहीस. नातीवर जळते म्हणशील. जळते.

मग तीच म्हणाली, "आजी, ये ना. बाबाचं मनगट धर. घट्ट हं!"

मी धरलं. तू लहान असताना रस्ता ओलांडायला धरायचे, तसंच. तू जरासा वळलास आणि हात सुटला, मला कळलंसुद्धा नाही. मास्तर "वा!" म्हणाले, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तू हसलास ते लेकीकडे बघून. माझी मूठ तशीच हवेत.

पत्र टपालपेटीत टाकायला तूच लागतोस आणि तू येत नाहीस, म्हणजे हे उशीखालीच राहणार. तरी लिहून ठेवते.

तुझी (अजून तरी)
आई

ता. क. उत्तर तू लिहायचं नाहीस, तू गोड बोलून निसटतोस. तिने लिहायचं. सोडवता येणार नाही असं मनगट कसं धरतात, तेवढंच.