बरणी रिकामी द्यायची

११ ऑक्टोबर

पोचले बाई एकदाची! नोव्हायच्या घरून दहा तास गाडी हाकली, शेवटचे दोन तास नुसती वळणंच वळणं. या डोंगरी जिल्ह्यात, हायलँड काउंटीत, माणसांपेक्षा मेंढ्या जास्त, असं ऐकलं होतं. पहिल्या तासाभरात चाळीस मेंढ्या आणि एक माणूस दिसलं, म्हणजे खरंच असणार. ते माणूस म्हणजे माझी घरमालकीण बेथ. वय ऐंशीच्या पुढे, तरी लाकडं स्वतः फोडते. ती शेजारच्या घरात. माझं घर जुनं, लाकडी. समोर सगळा डोंगर पिवळाधमक. मोबाइलला रेंज नाही, भिंतीवर वायरचा फोन आहे. केवढं सुख!

काम तीन महिन्यांचं. इथल्या एका लहानशा इतिहास मंडळासाठी ओसाड शेतघरं आणि घरगुती दफनभूमी शोधायच्या, नकाशावर नोंदवायच्या. नवराच म्हणाला, संजीव, की वीणा, ब्रेक घे. दोन वर्षं अंथरुणातल्या सासूबाईंना चमच्याने भरवलं. त्या गेल्या तेव्हा रडले आणि सुटले असंही वाटलं. हे घरी बोलता येत नाही म्हणून इथे लिहिते. आता तीन महिने कुणालाही भरवायचं नाही.

१४ ऑक्टोबर

सकाळी पायरीवर काचेची बरणी, काठोकाठ मेपल सिरपने भरलेली. बेथला विचारलं. ती म्हणाली, वरच्या शेतावरून येते, दर शरदात. धुऊन कुंपणाच्या खांबावर ठेवून द्यायची. रिकामी. आत काहीही घालायचं नाही, हे दोनदा सांगितलं. वर कोण राहतं, तर म्हणे ते शोधायलाच तुला बोलावलंय ना.

संध्याकाळी रुहीचा फोन. स्टेट कॉलेजला शिकते लेक, इथून चारेक तासांवर. रूममेटने डब्यातून अ‍ॅपल पाय दिली होती, तर हिने तो डबा पोहे घालून परत केला. “मम्मा, तुझ्यामुळे मला एम्प्टी डबा द्यायला गिल्टी वाटतं यार,” म्हणाली. मला काय आनंद झाला!

आणि मी रिकामी बरणी देऊ? हात धजेना. चिवडा भरून खांबावर ठेवली.

१९ ऑक्टोबर

वरच्या शेतावर जाऊन आले. चढ मोठा, धाप लागली. घर पडलंय, चुलाणं तेवढं उभं. मागे थडग्यांचे सात दगड, नावं नाहीत. दोन मोठे, पाच लहान. सगळे नोंदवले.

चुलाण्यात माझी बरणी होती, चाटूनपुसून स्वच्छ. शेजारी कढीपत्त्याची पानं काढून ठेवलेली. रुही लहानपणी अशीच काढायची. हसू आलं, मग थांबलं. तिथवर पायवाटसुद्धा नाही. धुळीत पाऊल होतं ते माझंच.

२३ ऑक्टोबर

पायरीवर पुन्हा बरणी, अक्रोडांनी भरलेली. मी बेसनाचे लाडू दिले. का दिले, माहीत नाही. कुणी देतंय तर आपण द्यायचं, एवढंच हाताला ठाऊक आहे.

२ नोव्हेंबर

मंडळाच्या जुन्या कागदांत सापडलं. एका शरदात वरच्या शेतावरच्या बाईने खालच्या प्रत्येक घरी सिरपची बरणी धाडली. हिवाळ्यात बर्फाने वाट बंद व्हायच्या आधी तिची मुलं त्याच घरांकडे रिकाम्या बरण्या घेऊन आली. पीठ मागायला. सगळ्यांनी बरण्या तशाच परत केल्या. मार्चमध्ये सातही जण सापडले. धाकटं तीन वर्षांचं.

बेथला चिवड्याचं सांगितलं. ती खुर्चीवर बसली. म्हणाली, रिकामी बरणी म्हणजे या घरातही काही नाही. बघतात नि माघारी जातात. तू त्यांना आहे म्हणून सांगितलंस. मी म्हटलं, आता रिकामी ठेवते.

९ नोव्हेंबर

बरण्या आता रिकाम्या येतात. सात. पायरीवर ओळीने.

भरल्या नाहीत. दुपारी आत आले तर तांदळाचा डबा मोकळा. झाकण घट्ट लावलेलं.

१३ नोव्हेंबर

बेथच्या घराला कुलूप. मुलीकडे गेली असणार, हिवाळ्यात जाते म्हणाली होती.

आज भरल्या. डाळ, पोहे, बिस्किटं, असेल ते. मग बरं वाटलं, शांत. सासूबाईंनी शेवटचा घास गिळला की वाटायचं तसं. अर्ध्या तासाने सातही परत. रिकाम्या.

१७ नोव्हेंबर

थकले. दिवसभर शिजवते. बसले की काच वाजते, चमचा आपटल्यासारखी. सासूबाई वाटी अशीच वाजवायच्या.

बरण्या आता स्वयंपाकघरात आहेत. मी आणल्या नाहीत.

२० नोव्हेंबर

घरात मीठ उरलंय, बाकी काही नाही. गाडीची किल्ली हातात घेतली होती. पण रुही शनिवारी इथे यायचीय. मी निघाले आणि ती या घरात एकटी—

फोन केला. येऊ नकोस म्हटलं. का, तर सांगता येईना. काय सांगू? ती म्हणाली, “मम्मा, तू साउंडच किती टायर्ड करतेस. आता मी तुला खायला घालणार. मी येतेच.” डिकी भरून आणणार म्हणे. मी ओरडले. माझा आवाज ऐकून तर तिने पक्कंच केलं.

२१ नोव्हेंबर

फोन बंद. बर्फ.

सातही बरण्या खिडकीत. तोंडं रस्त्याकडे.

२२ नोव्हेंबर, दुपार

गाडी वळली. तिचीच—

दार उघडत नाही. बरण्या खिडकीत नाहीत. काच ठोकतेय, ती हात हलवते, हसते. परत जा, परत जा—

डिकी उघडली तिने. खाली वाकलीय. कुणाशी तरी बोलतेय, लहान मुलांशी बोलतात तसं. तिच्या हातात बरणी आहे.

बाळा, तशीच दे. रिकामी दे—

ती पिशवीत हात घालतेय. मीच शिकवलं, मीच तिला—