काचपेटीतले न बोलावलेले पाहुणे

बाई, तुमचे गुडघे आता कसे आहेत? दादांचा दमा? तुमच्या आईंना नीट ऐकू येतं का? तुम्ही तिघंही जाऊन किती वर्षं झाली, पण पत्र म्हटलं की आधी एकेकाची तब्येत विचारायची, हाताला वळणच तसं पडलंय. माझं बरं चाललंय. एका डोळ्यात मोतीबिंदू उतरलाय, त्याचं काही वाटत नाही. पाहण्यासारखं होतं ते मी तुमच्या प्रयोगशाळेत पाहून घेतलं.

आम्हा नागपूरकरांचा समुद्र म्हणजे अंबाझरी तलाव. मी चौथी शिकलेली, कॉलेजात काचेची भांडी धुणारी. त्या दिवाळीत तुमचे दादा रत्नागिरीहून एसटीने मुंबईला अन् तिथून रेल्वेने नागपूरला आले, चार कॅन खारं पाणी, त्यातल्या एकात दोन पट्टेरी मासे, आणि ओल्या पोत्यात गुंडाळलेला एक दगड घेऊन. दगड कसला, भट्टीत करपलेली वीट. मी म्हटलं, "बाई, घासून देऊ काय?" तुम्ही ओरडलात, "हात लावू नकोस! तो रिकामा नाही."

ते पाणी काचपेटीत भरून तुम्ही दगड अन् मासे आत सोडलेत. आठ दिवस काही नाही. मग एका सकाळी भोकातून दोऱ्याएवढी नळी वर आली अन् तिच्या टोकाला पंखा उघडला, मोराच्या पिसासारखा. माझी सावली पडली की गडप. पुढे फटीतून पाच बारीक शेपट्या बाहेर आल्या. मला वाटलं पाच साप, निघाला एकच जीव. "ओढलंस तर स्वतःचा एक हात तोडून तुझ्या हातात देईल आणि नवा उगवेल," तुम्ही म्हणालात. मी तर हातच जोडले. कोणी बोलावलं नव्हतं, कोणी तिकीट काढलं नव्हतं, तरी अख्खं गाव त्या दगडात बसून आलं होतं.

त्या गावाची तुम्ही वही केली. पानावर मधोमध रेघ. एकीकडे 'पाहिलं', दुसरीकडे 'वाटलं'. वही माझ्याकडे दिलीत. वर्गातल्या मुली टोमणे मारत, "मावशीबाई आता प्रोफेसर झाल्या वं!" मला राग नाही यायचा. किराण्याच्या यादीपलीकडे मी पहिल्यांदाच काही लिहीत होते.

मग तो लाल किडा निघाला, दोन्ही अंगांना पांढऱ्या कुसांची झालर असलेला. पेटी पुसताना माझं बोट लागलं, तीन दिवस खाजकुयलीसारखी आग. तेव्हापासून तो माझ्या डोळ्यांत सलायचा. एका सकाळी दोनातला एक पट्टेरी मासा तळाशी मेलेला अन् किडा त्याला चिकटलेला. मी लिहिलं, 'किड्याने मासा मारला.' 'पाहिलं'च्या बाजूला लिहिलं. तुम्ही वाचून विचारलंत, "नक्की पाहिलंस ना?" मी म्हटलं, "माह्या डोळ्यानं, बाई." तुम्ही चिमट्याने त्याला काढलंत अन् स्पिरिटच्या बाटलीत टाकलंत. थोडा वेळ तो वळवळला. मी बाटलीला चिठ्ठी चिकटवली.

पाच दिवसांनी दुसरा मासा गेला. शंखगोगलगाईचं कवच फुटलेलं. आणि पेटीतून आवाज, टिक्, टिक्. एक मुलगी म्हणाली, "मावशी, तुमचा दगड टिचक्या काहून मारून राहिला वं?" मी म्हटलं, "तुमचं जर्नल बाकी आहे म्हून." पण ती गेल्यावर मी वहीतली माझी ती ओळ पुन्हा वाचली.

तुम्ही भरदुपारी खिडक्यांना काळे कागद लावायला सांगितलेत. मी सीताबर्डीहून पतंगाचा लाल ताव आणून टॉर्चला गुंडाळला, लाल उजेडाला आतला जीव बुजत नाही म्हणून. आपण दोघी स्टुलावर, गुडघ्याला गुडघा लावून. आता भोकातून दोन डोळे येताहेत, देठांवर बसलेले. एक माझ्याकडे वळतो, दुसरा तुमच्याकडे. मागून हिरवं, लाल, निळं अंग, कोळंबीसारखं, अन् छातीशी दुमडलेले दोन हात. समोर दगडातूनच आलेला एक लहान खेकडा. हात हलला की नाही ते मला दिसलंच नाही, फक्त टिक्, अन् खेकड्याचे तुकडे. तुम्ही माझं मनगट घट्ट धरलं होतंत. "अगं, एवढासा जीव," तुम्ही पुटपुटलात, "आणि आपण याला ओळखतसुद्धा नव्हतो." तुमच्या डोळ्यांत पाणी होतं. तसं काही मी देवळातही पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी वर्गात तुम्ही ती बाटली वर धरलीत. "मासे त्या टिक् करणाऱ्याने मारले. हा किडा मेलेलं खातो, पाणी साफ ठेवतो. याला मी मारलं. घाई माझी, चूक माझी." मी मागे परीक्षानळ्या विसळत होते. नळ चालू होता, तो मी बंदसुद्धा केला नाही. संध्याकाळी तुम्ही तुमचं पितळी भिंग मला दिलंत, म्हणालात, "तुझी नजर माझ्यापेक्षा चांगली आहे."

बाई, त्या सकाळी मी काहीच पाहिलं नव्हतं. मी आले तेव्हा मासा मेलेलाच होता. खरं सांगितलं असतं तरी तुम्ही वही काढून घेतली नसतीत. हे मला आज कळलं असं नाही, तेव्हाही कळत होतं. तुम्ही मला माफ कराल, तेच मला नको होतं. माफी मिळाली असती तर मी तुमच्या बरोबरीने पाहणारी न राहता पुन्हा भांडी धुणारी झाले असते, असं वाटलं.

हे पत्र टाकायला पेटी कुठे आहे, तेही मला माहीत नाही. तरी जमेल तितक्या लवकर दोन ओळी लिहा. रागावून लिहा, पण लिहा.