हातभर खाली मारलेली रेघ

बारामती,
गुरुवार, १८ सप्टेंबर २०२५

प्रिय ज्योत्स्ना हिस,
सप्रेम जयभीम.

आईंच्या खुब्याचं ऑपरेशन काल पार पडलं. प्लेट नीट बसली आहे, परवा टेकवून बसवू आणि पंधरा दिवसांनी वॉकर देऊ, असं आज सकाळी दहाच्या राउंडला हाडांच्या डॉक्टरांनी स्वतः सांगितलं. ताप नाही. साखर वाढली होती, ती उतरली. आज त्यांनी अर्धी वाटी मऊ भात खाल्ला आणि वरणात मीठ नाही म्हणून वॉर्डातल्या मावशींना बोलल्या. त्यावरून त्या किती बऱ्या आहेत ते तू ओळखशील.

तिकडे तुम्ही कसे आहात? रविंद्रभाऊजींचा खोकला थांबला का? पुरामुळं सोसायटीच्या गोदामात हलवलेली माणसं आपापल्या घरी परतली, असं गेणूनं सांगितलं. तू टँकर मागवलास, विहिरीत औषध टाकलंस, घरोघर क्लोरीनच्या बाटल्या दिल्यास, हेही त्यानंच सांगितलं. पंचायतीचा शिपाई माझ्या वेळेपासून तोच, पण माझं कौतुक करताना त्याचा आवाज कधी इतका चढला नव्हता. असो.

फोन असताना पत्र कशाला, असं वाटेल. फोनवर एकतर मी चिडते, नाहीतर तू "असू द्या ताई" म्हणतेस आणि मी तेवढ्यावर भागवते. या वेळी भागवायचं नाही. गेणू डबा घेऊन आला आहे, तो दुपारच्या एसटीनं परत निघेल. त्याच्या हाती हे देते आहे.

तुला बघायला बावड्याला मीच आले होते. मुलगी शिकलेली आहे, बोलते नीट, आपल्या रविंद्रला हीच करायची, असं आईंना मीच पटवलं. तेव्हा मला वाटलं होतं, धाकटी जाऊ हाताखाली येईल. हाताखाली यायला तू कधी तयार नव्हतीस आणि उलटूनही कधी बोलली नाहीस. भांडायलासुद्धा तू मला जागा ठेवली नाहीस.

२०१७ ला मी सरपंच झाले ती राखीव जागेवर. पाच वर्षं राबले. पुढच्या खेपेला जागा सर्वसाधारण महिलांसाठी निघाली. आपल्यातलं कुणी उभं राहील असं कुणाला वाटलं नव्हतं. तू राहिलीस आणि पावणेतीनशे मतांनी आलीस. मी आपल्या वॉर्डातून मेंबर झाले. त्या दिवशी पारावर कुणीतरी म्हणालं, "शालनताई राखीव होत्या, ज्योत्स्नाताई निवडून आल्या." अगं, मीही निवडूनच आले होते. तीन बायकांना पाडून आले होते. पण ते वाक्य मी तीन वर्षं रोज ऐकते आहे, कुणी बोललं नाही तरी. पेढा भरवतानाचा आपला फोटो पेपरात आला, त्यात माझा फक्त हात आहे. चेहरा कापला गेला.

आईंचंही तसंच. "ज्योत्स्नाला बोलायचं वळण हाय," असं त्या एकदा जेवताना म्हणाल्या. मी ताट पुढे सरकवत म्हटलं, "मग तिच्याकडंच राहा." त्या तुझ्याकडेही आल्या नाहीत. दोन दिवसांनी पेटी उचलून ओढ्याकाठच्या आपल्या जुन्या दोन खोल्यांत गेल्या. कुणाचं नाव व्हायला नको म्हणून. गावाला सांगितलं, "मला ओढ्याचा वारा लागतो." त्या तिथं कशा गेल्या, हे तुला माहीत नव्हतं. आता झालं.

एप्रिलमधली ती बैठक तुला आठवते का? आपत्ती समितीची. माझ्या वेळी समिती म्हणजे रजिस्टरमध्ये नावं आणि चहा. तू गवंड्याला बोलावलंस, त्याची पाणी भरलेली लेव्हलची नळी मागितलीस आणि शाळेच्या भिंतीवरच्या लाल रेघेला एक टोक लावून दुसरं टोक घरोघर फिरवलंस. जे घर रेघेच्या खाली, त्याच्या दारावर निळा आकडा. तेवीस घरं निघाली. प्रत्येक आकड्यामागे कोण म्हातारं, कोण गरोदर, कुणाकडं किती जनावरं, ते वहीत. तीन दिवस मी ते बघत होते आणि दर आकड्याला मला वाटत होतं, हे मला का सुचलं नाही.

तिसऱ्या दिवशी तू मला विचारलंस, "ताई, ही २०२० च्या पुराची रेघ तुमच्या काळातली ना? बरोबर आहे ना?"

मी म्हणाले, "माझ्या देखत मारली आहे."

तेवढंच म्हणाले. रेघेबद्दल पुढे लिहिते.

रविवारी सकाळी पाझर तलावाचा सांडवा धो धो वाहायला लागला तेव्हा तू वही घेऊन निघालीस. साडेनऊ ते बारा. पदर खोचून तू ओढ्यावरच्या मोरीवर उभी होतीस, हातात भोंगा. "आकडा सात, म्हातारीला आधी! आकडा बारा, शेरडं सोडा, माणसं चला!" मी माझ्या गच्चीवरून बघत होते. खाली का आले नाही? मेंबर आहे मी. यायला हवं होतं. पण तुझ्याखाली काम करायचं मनात येत नव्हतं. तेवीसच्या तेवीस घरं रिकामी झाली, माणसाला ओरखडा नाही. तहसीलदारांनी फोनवर तुझं नाव घेतल्याचं खाली कुणीतरी ओरडून सांगितलं, तेही गच्चीपर्यंत ऐकू आलं.

दोनच्या सुमारास शाळेच्या भिंतीवर पाणी रेघेला लागलं. मग रेघ दिसेनाशी झाली.

ज्योत्स्ना, माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते लिहिते. माझ्या मनात आलं, "आता कळेल हिची यादी तोकडी पडली ते." आई दुसऱ्यांदा आठवल्या. मधे किती वेळ गेला ते सांगता येत नाही. खाली चुलीवर ठेवलेलं दूध उतू गेल्याचा वास आला, एवढा.

गेणू अंगणात आला. "ताई, आईकडं कोन गेलंय?"

"ज्योत्स्नानं नेलं असेल," मी म्हणाले.

त्यानं माझ्याकडं एकदा बघितलं आणि तो पळाला. पाणी घोट्याच्या वर आलं होतं. आई पेटी खाटेवर ठेवायला गेल्या आणि उंबऱ्याशी घसरल्या. त्यानं त्यांना पाठीवर घालून आणलं. पुढचं तुला माहीत आहे, ॲम्ब्युलन्स तूच बोलावलीस.

मंगळवारी अजित मेंबर इथं आला. शहाळं, बिस्किटांचा पुडा आणि खिशात कागद. "ताई, गाव सगळं वर काढलं आन् घरची म्हातारी पान्यात. ही कसली सरपंच? सासूचं जिला कळंना, तिला गावाचं काय कळायचं?" त्यानं कागद पुढं केला. "सहा सह्या झाल्यात, सातवी तुमची. अविश्वास पक्का. पुढं काय ते तुमचंच हाय." मी सही केली. पेन त्याचं होतं, पण सही मी पूर्ण नावानिशी केली, हेही लिहून ठेवते. नऊ मेंबरांपैकी सात हात वर झाले तर ठराव ग्रामसभेच्या मतदानाला जाईल, तुझं पद धोक्यात येईल आणि सातवा हात माझा, हे कळूनच केली. आज नोटीस आली, सोमवारी अकराला तहसीलदारांसमोर बैठक. तुलाही मिळाली असेल. नावं वाचताना तू कुठं थांबली असशील, ते मला दिसतं आहे.

आता आजचं. भात खाताना आईंनी विचारलं, "ज्योत्स्ना का गं येईना?"

"गावात अडकली आहे," मी म्हणाले.

"तिला सांग, माजी चूक व्हती. ती आली व्हती सकाळच्याला. गाडी दारात हुबी. म्या म्हनलं, मी न्हाय येत, आदी खालची लेकुरवाळी ने. माजं घर रेघंच्या वर हाय. ती म्हनली, आई, रेघंचं ऱ्हाऊ द्या, चला. हाताला धरलंन. म्या हात सोडवून घेतला."

"का सोडवलात?"

"अगं, ती रेघ माज्या शालननं मारलीया. शालन चुकीचं करायची न्हाय."

एवढं बोलून त्यांनी पुढचा घास मागितला. मी चमचा तसाच धरून बसले होते. "आन् की," म्हणाल्या, "निवतंय."

तू आईंना न्यायला गेली होतीस. हे तू कुणालाच सांगितलं नाहीस. अजितला नाही, भाऊजींना नाही, ॲम्ब्युलन्समध्ये माझ्या शेजारी बसून तू मलाही बोलली नाहीस. आईंनी का नकार दिला हे सांगितलं असतंस, तर लोकांनी रेघेचं विचारलं असतं. तुला संशय आला होता का, ते मला माहीत नाही आणि विचारायची हिंमतही नाही. खरं सांगू? याचासुद्धा मला हेवा वाटला. मी तीन वर्षं गप्प बसले ते जळून. तू चार दिवस गप्प बसलीस ते मला सांभाळून. गप्प बसणंही तुला माझ्यापेक्षा चांगलं जमतं.

रेघ चुकीची आहे.

२०२० च्या ऑक्टोबरात पाणी रात्रीत आलं आणि उजाडायच्या आत ओसरलं. सगळा गाव वरच्या रस्त्यावर होता. सकाळी पहिल्यांदा खाली उतरलो ते मी आणि गेणू. शाळेच्या भिंतीवर चिखल खिडकीच्या कट्ट्यापर्यंत होता. आपल्या जुन्या खोल्या तेव्हा कुलूपबंद होत्या, आई माझ्याकडं होत्या. कुलूप उघडलं तर आत गुडघाभर चिखल. तो आम्ही दोघांनी काढला, कुणाला सांगितलं नाही.

त्याच उन्हाळ्यात मी ओढा रुंद केला होता. जेसीबीपुढं नारळ फोडतानाचा माझा फोटो पेपरात आला होता, सगळा चेहरा. दुसऱ्या दिवशी अधिकारी बघायला येणार होते. चिखल खिडकीला दिसला असता तर ओढा रुंद करून काय साधलं, असं त्यांनी विचारलं असतं. मी गेणूला भिंत धुवायला लावली, चुना मारला आणि हातभर खाली लाल रेघ मारून घेतली.

"ताई, वाईच वर घ्या की," तो म्हणाला, "पानी तितं व्हतं."

"तू रंग लाव," मी म्हणाले.

अधिकाऱ्यांनी रेघेपुढं उभं राहून शाबासकी दिली. पुढच्या वर्षी ही रेघ आणि खरं पाणी यांच्या मधल्या पट्ट्यात अकरा घरकुलं मंजूर झाली. जागा पूररेषेच्या वर आहे, असा दाखला माझ्याच सहीचा आहे. रविवारी त्या घरकुलांच्या पायऱ्या ओल्या होऊन पाणी उतरलं. २०२० एवढं आलं असतं तर आत शिरलं असतं, आणि त्या अकरा दारांवर तुझा निळा आकडा नाही.

एप्रिलमध्ये तू विचारलंस तेव्हा हे सांगता आलं असतं. एका वाक्याचं काम होतं. पण सांगितलं असतं तर तुझी यादी बिनचूक झाली असती आणि माझी रेघ खोटी ठरली असती. दोन्ही मला सोसलं नसतं.

पुढच्या आठवड्यात पुन्हा जोराचा पाऊस सांगितला आहे. म्हणून सोमवारची वाट बघू नकोस. पत्र वाचून झालं की गवंड्याला बोलाव. खिडकीचा कट्टा गेणूला माहीत आहे, तो बोट ठेवून दाखवील. नळीचं टोक तिथं लाव. चोविसावं घर आपलं, आईंचं. पुढची अकरा घरकुलं. त्यांना तूच समजावून सांग, तुझं ऐकतील. माझं नाव घे. झाकू नकोस. या वेळी झाकलंस तर मी तुला माफ करणार नाही.

आईंपाशी हे बसणार आहेत. मी रविवारच्या संध्याकाळच्या एसटीनं येईन. सोमवारी बैठकीत माझा हात वर जाणार नाही. हे सगळं तिथं उभी राहून सांगेन, दाखल्यासकट. अजित ओरडेल. माझी मेंबरकी राहील असं वाटत नाही, चौकशीही लागेल. अकरा घरकुलांतल्या बायका माझ्या अंगणात येतील, त्यांना उत्तर मला द्यायचं आहे.

बैठकीच्या आधी नऊ वाजता मी शाळेपाशी असेन. लाल रंगाचा डबा मी आणते, तू शिडी ठेव. जुनी रेघ पुसू नका, ती तशीच राहू दे. नवीन रेघ तिच्या हातभर वर, खिडकीला लागून. ती मी मारीन. शिडी मात्र तू धर.

आईंना अजून काही सांगितलेलं नाही. आता त्यांना उठवून औषध द्यायचं आहे. त्याआधी सांगेन.

तुझी थोरली जाऊ,
शालन