‘बाजार’ नावाचं फोल्डर

सर,

चार दिवस हे लिहायचं टाळत होतो. पहिल्या दिवशी वही नव्हती. दुसऱ्या दिवशी वही आणायला गेलो तर रावेरच्या रस्त्यावर केळीचा ट्रॅक्टर कलंडलेला, घड रस्ताभर, लोक उचलण्यापेक्षा बघण्यातच जास्त, मीही त्यांच्यातच उभा राहिलो आणि वही राहून गेली. तिसऱ्या दिवशी वही होती पण लाज वाटत होती. आता नुसती किळस येतेय, आणि किळस आली की माझा हात चालतो. तुम्हाला जाऊन सात वर्षं झाली, त्यामुळे पत्ता शोधण्याचं काम नाही.

मी सध्या रावेरला आहे. नरडाण्याला होतो, त्याआधी कुठे कुठे, ते सोडा. इथे केळी पिकवायच्या चार बंद खोल्या आहेत आणि त्यांच्यावर तुमचाच प्रोग्राम राखणीला बसलाय. खोली तापली की भोंगा वाजवणारा तो. ऑफिसात विंडोजवर, मालकांच्या म्हणजे नानांच्या फोनवर, आणि प्रत्येक खोलीबाहेर भिंतीला ठोकलेल्या लिनक्सच्या छोट्या बोर्डावर, म्हणजे तळहाताएवढ्या कॉम्प्युटरवर. प्रोग्राम एकच, पण प्रत्येक यंत्रासाठी वेगळा बांधून काढायचा. ते बांधकाम सांभाळायला त्यांनी मला ठेवलं, कारण मी म्हणालो, मी सरांकडे शिकलोय. शिकलोय! आयटीआय अर्धवट सोडलेल्या पोराला तुम्ही धुळ्यातल्या त्या खोलीत बसायला स्टूल दिलंत आणि सांगितलंत, ‘‘पीठ एकच शे भाऊ, पन पोळीले तवा लागस, पुरीले कढई, बट्टीले निखारा.’’ मला तेवढंच कळलं होतं आणि तेवढ्यावर मी आजवर पोट भरलं.

रविवारी दुपारी तीन नंबरच्या खोलीतली केळी उकडली. पिकली नाहीत, उकडली. तुम्ही तो वास घेतलेला नाही. गोड, आंबूस, ओल्या गोणपाटासारखा, शर्टाला धरून राहतो. नानांनी त्यावर उदबत्त्या लावल्या, त्यामुळे तो आता मयताच्या घरासारखा येतो. जेवताना येतो, दात घासताना येतो. आणि तो सगळा वास माझा आहे, पण ते पुढे.

त्या खोलीबाहेर एक अक्का बसते. पन्नाशीची बाई, भोंगा वाजला की पंखे सुरू करायचे आणि नानांना हाक मारायची, एवढंच तिचं काम, आणि दोन वर्षांत तिनं ते एकदाही चुकवलं नव्हतं. रविवारी ती स्टुलावर बसून लसूण सोलत होती. भोंगा वाजलाच नाही. पण ऑफिसच्या कॉम्प्युटरवर लिहून आलेलं, ‘भोंगा वाजवला’, वेळेसकट. नानांनी तिला स्क्रीनसमोर उभं केलं.

‘‘हे काय लिहिलंय, वाच.’’

‘‘मले वाचता येत नाही एवढं, नाना. पन मी बसेल होती तिथी. नाही वाजला तो.’’

‘‘म्हणजे मशीन खोटं बोलतं?’’

ती माझ्याकडे बघायला लागली. मशीनचा माणूस म्हणून मीच उभा होतो तिथे. मी म्हणालो, ‘‘बघावं लागेल.’’ नाना म्हणाले, ‘‘बघ तू. तोवर हिनं घरी बसावं. झोपायला पगार नाही देत मी.’’ बाकीच्या खोल्यांवरच्या बायाही तिथे जमल्या होत्या. एकजण हळूच म्हणाली, ‘‘लसूण सोलता सोलता कुनी झोपते का गं?’’ तिलाही नानांनी गप्प केलं.

मी बघितलं. दोन आठवड्यांपूर्वी मीच भोंग्याचा हुकूम पाठवायची पद्धत बदलली होती. तिन्ही यंत्रांसाठी पुन्हा बांधकाम केलं, तिन्ही ठिकाणी स्क्रीननं लिहिलं, ‘झालं’, आणि मी चहा प्यायला गेलो. पण बोर्डाचं झालं नव्हतंच. फाईलचा रस्ता लिहिताना नावांमध्ये तिरपी रेघ लागते, विंडोजची एकीकडे कलते, लिनक्सची दुसरीकडे, आणि मी विंडोजवाली ठोकून दिली होती. बोर्डाचं बांधकाम तिथेच पडलं. अशी चूक पाच मिनिटांची असते, स्क्रीन लाल होते, आपण शिव्या देतो, दुरुस्त करतो. मग ‘झालं’ कुणी लिहिलं? बोर्डावर जुनाच प्रोग्राम गेला कसा? त्याला नवा हुकूम कळेना, आणि ऑफिसचा कॉम्प्युटर हुकूम पाठवला म्हणजे भोंगा वाजला असं धरून बसला. रविवारपर्यंत एकही खोली तापली नाही, म्हणून कुणाला कळलं नाही.

तुमच्या बांधकामाच्या फाईली मी सोमवारी सकाळपासून चाळत होतो. जुना कोड वाचताना माणूस मूळ लिहिणाऱ्याच्या नावानं खडे फोडतोच, मीही फोडले, माफ करा. तुमची ती सवय आठवत होती. रोज सकाळी आदल्या दिवशी तयार झालेलं सगळं पुसून टाकायचं, तिन्ही यंत्रांसाठी नव्यानं बांधायचं, आणि तिन्हींचं निघाल्याशिवाय खोलीत कुणी चहा प्यायचा नाही. बोर्डाला पाऊण तास लागायचा. समोरचा चहावाला किटली घेऊन दारात यायचा आणि तुमचं तोंड बघून परत जायचा. एकदा मी जिन्यात लपून कटिंग मारला तर तुम्ही वास घेतलात आणि म्हणालात, ‘‘चहानं काय नाय रे. पन तुले थांबता येत नाय, यानं मले भ्या वाटस.’’ चारचौघांत म्हणालात. मी आठवडाभर तुमच्याशी धड बोललो नव्हतो.

तर चाळता चाळता एक फोल्डर सापडलं. नाव ‘बाजार’. सर, जगात दुसरा कुणी प्रोग्रामच्या पोटात फोल्डरचं नाव बाजार ठेवणार नाही. ते मीच ठेवलेलं, तुमच्याकडे होतो तेव्हा. साक्रीचा बाजार होता त्या दिवशी, मित्र मोटरसायकल घेऊन खाली हॉर्न वाजवत होता, आणि बोर्डाचं बांधकाम तिसऱ्यांदा पडत होतं. तुम्ही बँकेत गेला होतात. मी आदल्या दिवसाचं तयार निघालेलं या फोल्डरात लपवलं, तुमच्या पुसण्यातून वाचेल असं, आणि एक ओळ टाकली. नाही जमलं तर इथलं उचल आणि ‘झालं’ लिही. म्हटलं उद्या काढू. साक्रीहून पुढे डोंगरात गेलो, तिथे एका लग्नात तीन दिवस जेवलो, मग अजून कुठे, अकरा दिवसांनी आलो. तुम्ही काही विचारलं नाहीत. माझ्या पायांकडे बघितलंत आणि दुसऱ्या दिवशी चांगल्या जाड चपला आणून दिल्यात. मला वाटलं तुम्ही खूश आहात. आता वाटतं, त्या अकरा दिवसांत तुम्ही रोज सकाळी पुसत होतात, बांधत होतात आणि माझ्या ओळीचं ‘झालं’ वाचून चहावाल्याला आत बोलावत होतात. अगदी तुमच्या हातातला चहासुद्धा मी खोटा करून ठेवला. ते आठवलं की मला तो केळीचा वासही बरा वाटतो.

ओळ मी सोमवारी दुपारीच काढली. फोल्डर पुसलं, रेघ सरळ केली, तिन्हींचं नव्यानं बांधलं, बोर्डाचा भोंगा वाजवून बघितला. सगळी आळी कान दाबून बाहेर आली. नानांनी विचारलं, ‘‘काय होतं?’’ मी म्हणालो, ‘‘जुनं होतं काहीतरी, धुळ्याच्या सरांच्या वेळचं.’’ खोटंही नाही बघा. नाना म्हणाले, ‘‘मास्तर गेला आन् त्रास ठेवून गेला.’’ मी हसलो. दात दाखवून हसलो, सर. मग ते म्हणाले, ‘‘पण बाई झोपलीच असणार, तिला वास नाही आला?’’ आणि मी त्यावरही काही बोललो नाही, कारण बोललो असतो तर जुनं म्हणजे कुणाचं, हे विचारलं गेलं असतं. मला इथून जायला काय, पिशवी एकच आहे, आजवर दहा ठिकाणांहून गेलोय. तरी जीभ उचलली नाही. आज गुरुवार.

इथपर्यंत लिहिलं आणि अक्का आली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. ऑफिसच्या दारात चपला काढून उभी आहे, नानांनी दिलेली ओळखपट्टी अजून गळ्यात. मला वाटलं भांडायला आली. ती म्हणते, ‘‘लिहूनच राह्यला ना, भाऊ? मंग माझंबी एक लिहून दे. माफीचं.’’

‘‘कसली माफी?’’

‘‘मी झोपली होती म्हनून. तीन दिवस इचार करून राह्यली. मशीन कशाला खोटं बोलीन? लागला असंन डोळा. मलेच समजलं नसंन.’’

पेन थांबलं नाही म्हणून हे लिहितोय. ती समोरच्या खुर्चीवर टेकली आहे, खुर्चीच्या अगदी काठावर. विचारते, सही कुठी करायची, मले सही येते. मी वहीचं मागचं पान फाडलं आहे आणि वर नानांना लिहायला घेतलं आहे, ‘बाजार’च्या फोल्डरापासून. तिला म्हटलं, तुझी सही लागणार नाही, अक्का.