ब्रेकला घातलेला पुठ्ठा

तीर्थस्वरूप दादास,

धाकट्याचा नमस्कार. वाकूनच केला आहे, पण कंबर धरल्यामुळे अर्ध्यावरून परत यावं लागलं, तेव्हा उरलेला अर्धा तू मनाने पोचता करून घे. वहिनींचे गुडघे कसे आहेत? तुझे डोळे काय म्हणतात? थेंब वेळेवर टाकतोस ना? (टाकतो म्हणून कळवू नकोस, वहिनींना विचारून कळव.) इकडे आम्ही दोघं मजेत. पुस्तकबांधणीचं काम भरपूर आहे. शाळेच्या वाचनालयाची दोनशे फाटकी पुस्तकं घरात येऊन पडली आहेत आणि जेवायला बसायचं तर आधी भूगोल उचलावा लागतो.

तुझं पत्र मिळालं. शनिवारी येतोयस हे वाचून फार बरं वाटलं. पण पुढे तू लिहितोस की टेकडीवरच्या मावशीकडे जायचं आणि गाडी तूच चालवणार, कारण ती मुळात तुझी. तुझीच आहे, याबद्दल दुमत नाही. दोन वर्षांपूर्वी तू ती मला दिलीस तेव्हापासून मी तिच्यात पाहुण्यासारखाच बसतो. पण तिच्या ब्रेकचं एक प्रकरण झालं आहे. ते आधी वाच, मग काय ते ठरव.

गेल्या मंगळवारी सकाळी हिला पुढच्या चाकाखाली ओलं दिसलं. मी म्हटलं, पाणी असेल. ही म्हणाली, पाणी बोटाला असं बुळबुळीत लागत नाही. वाकून पाहिलं (कंबर तिथेच गेली), तर चाकामागच्या ब्रेकच्या नळीतून थेंब थेंब गळत होतं. आत बसून ब्रेक दाबला, तर पेडल मुकाट्याने तळाला गेलं. आमच्या घरात माझ्यापुढे इतकं कुणी नमत नाही, त्यावरूनच मला संशय यायला हवा होता. शहाण्या माणसाने मेकॅनिकला फोन केला असता. पण मी पडलो बाइंडर, तीस वर्षं फाटलेलं जोडतोय. नळी पुसली, कापडाची पट्टी कापली, सरस लावून तीन वेढे घेतले, वरून पुठ्ठा घातला आणि दोऱ्याने आवळला. काम इतकं देखणं झालं की वर नाव छापायचं तेवढं राहिलं.

गॅरेज दोन वळणांवर, रस्ता सपाट. म्हटलं, सावकाश नेऊ. पहिला गिअर, एक हात हँडब्रेकवर आणि ही पुढे छत्री उघडून चालत, लोकांना बाजूला करत. (ऊन नव्हतं, पाऊस नव्हता. छत्री अधिकार दिसावा म्हणून.) काठी टेकत जाणारे एक आजोबा आम्हाला मागे टाकून गेले, आणि काय झालंय ते विचारायला परत आले. सगळं सुरळीत चाललं होतं. बेकरीपाशी हिला ओळखीची बाई भेटली आणि ही बोलायला थांबली. मी ब्रेक दाबला. पेडल खाली गेलं आणि गाडी पुढे. दोन्ही हातांनी हँडब्रेक ओढला तेव्हा गाडी हिच्यापासून वीतभर अंतरावर थांबली. हिने मागे वळून ‘आलेच’ म्हणून सांगितलं आणि बोलणं पुरं केलं.

मेकॅनिकने गाडी वर घेतली, पुठ्ठा पाहिला आणि सगळ्या कामगारांना बोलावून दाखवला. मला आधी ते कौतुकच वाटलं. मग त्याने मला बाजूला घेतलं. “काका, गळका ब्रेक सांभाळून चालवायची एकच रीत आहे. गाडी जागची हलवायची नाही आणि मला फोन करायचा. मी ओढून आणली असती.” ब्रेक दाबला की नळीत केवढा जोर येतो, त्यापुढे सरसाची काय कथा, हेही त्याने समजावलं. मी मान खाली घालून ऐकलं.

तर सांगायचं तात्पर्य, अशा गाडीत बसून टेकडीचा उतार उतरणं तुला शोभत नाही. मावशीकडे आपण बसने जाऊ.

तुझा,
धाकटा

ता. क. : हिने पत्र वाचलं आणि विचारलं, गाडी बुधवारीच दुरुस्त होऊन आली हे कुठे लिहिलंय? तर तेही लिहितो. दोन्ही बाजूंच्या नळ्या नव्या घातल्या आहेत, पेडल घट्ट लागतं आणि गाडी मी रोज चालवतो.

आणखी एक ता. क. : मग एवढं चऱ्हाट कशासाठी, असं तू विचारशील. वहिनींचा फोन आला होता. तू गाडी चालवायची नाही असं डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगून महिना झाला म्हणे, आणि तू आम्हाला बोलला नाहीस. तुला अडवणं त्यांना जमेना म्हणून ते काम माझ्याकडे आलं, आणि मला तोंडाने सांगवेना म्हणून मी ब्रेकला पुढे केलं. बस वगैरे काही नाही, मावशीकडे मीच नेतो. शेजारी बसून वाटेल तेवढं ओरड, ऐकून घेईन. फक्त किल्ली मागू नकोस, दादा. तू मागितलीस की मी देऊन टाकेन. तुला नाही म्हणायला मी अजून शिकलेलो नाही.