ओवाळणीतला हेलियम

प्रिय सत्यजीत,

भाऊबीजेला साडीऐवजी तू ओवाळणीत परदेशात हेलियम शोधणाऱ्या कंपनीचे शेअर घातलेस, तेव्हा मी हसले होते. आता आईचं रोडपालीचं घर विकून सगळे पैसे तिथेच घालू म्हणतोस आणि वर विचारतोस, "ताई, तुझं एमआरआय मशीन हेलियमवरच चालतं ना? मग तूच सांग."

सांगते. त्या कंपनीकडे अजून नुसता परवाना आहे. खोदल्यावर काहीच लागलं नाही, किंवा लागला तो वायू काढायलाही परवडला नाही, तर आई कुठे राहणार? बरं, हेलियमची गरज खोटी नाही. भरपूर लागला तर आपलं सोनं होईल, हेही मला कळतं.

माझी भीती वेगळीच आहे रे. काल आमच्या पनवेलच्या सेंटरमध्ये मशीनचा इंजिनिअर म्हणाला, "मॅडम, हेलियम कमी झालाय. सगळीकडे टंचाई आहे, नवीन कधी येईल सांगता येत नाही. संपला तर मशीन बंद."

ते ऐकून मला आनंद झाला. वाटलं, आता आपले शेअर चढणार. लगेच मोबाईल काढून भाव बघितला.

मान वर केली, तर काचेपलीकडे मशीनमधून आईचे पाय बाहेर आलेले दिसत होते.

तेव्हापासून मला माझीच धास्ती वाटते. घराच्या कागदांवर मी सही करणार नाही. हे पत्रही तुला पाठवणार नाही; फोनवर तुला परवान्याचं आणि खोदाईचं कारण देईन. आईच्या पायांचं सांगणार नाही.

तुझी,
नीताताई