एक्केचाळीस नंबरचे बटाटे

मी, खाली सही करणारा, वय सत्तावीस, शिक्षण सातवी, पूर्ण शुद्धीवर असून कोणाच्या सांगण्यावरून हे लिहीत नाही. गुरुवारी माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर काळजी नको म्हणतात. तरी लिहून ठेवतो, कारण तोंडाने समजावण्याची आता ताकद नाही.

१. घरातील माझा हिस्सा, सायकल आणि खुरपी थोरल्या दादाला.

२. बटाट्याच्या बियांच्या पुड्याही दादालाच. तो म्हणायचा, "बटाट्याला कुठं बी असतं? उद्या कोंबडीची पिसं पेरशील." बी फुलांनंतर धरणाऱ्या हिरव्या फळांत असते. फळ विषारी आहे, चाखू नये.

३. प्रत्येक बीचे झाड वेगळे निघते. मी दोनशे बारा झाडांना नंबर दिले. बहुतेकांचे बटाटे गोटीएवढे, काही कडू. ज्या वर्षी करपा रोगाने दादाचा, नेहमीसारखे कंद लावलेला सगळा वाफा काळा पडला, त्या वर्षी एक्केचाळीस नंबर तेवढा हिरवा राहिला.

४. त्याचे नऊ बटाटे मी टोपलीत ठेवले आणि 'बियाण्याचे, खाऊ नयेत' ही चिठ्ठी उडू नये म्हणून टोपलीखाली ठेवली. ही चूक माझी. वहिनीने बटाटे उकडले. दादा जेवताना म्हणाला, "आज बटाटा झकास आहे गं." मी ताटावरून उठलो. दुसऱ्या दिवशी वहिनी दारात आली. "भाऊजी, हा एक बारका उरलाय. चालेल का?" मी बटाटा घेतला आणि लावला. त्याला दोन वर्षे झाली, अजून तिच्याशी बोललेलो नाही.

५. त्या एकाचे आज सव्वीस झाले आहेत. ते सर्व वहिनीला. दादा हसेल, हसू दे. या घरात हे बटाटे चुकूनही पातेल्यात न टाकणारी आता तीच आहे. निम्मे लावावेत, निम्मे राखावेत. याचे बी पेरून हाच बटाटा परत मिळणार नाही. कंद संपले की संपले. चिठ्ठी या वेळी टोपलीच्या कडेला सुतळीने बांधली आहे.

६. मी घरी परतलो तर हे पत्र रद्द समजावे, पाचवे कलम सोडून. वहिनीने विचारले होते त्याचे उत्तर द्यायचे राहिले आहे. चालेल.

ठिकाण: मागची खोली
दिनांक: ३ फेब्रुवारी, सोमवार
सही

साक्षीदार:
१. शेजारचे सुतारकाका (सही)
२. पोस्टमन (सही)

वहिनीला बटाटे मिळणार असल्याने साक्षीदार म्हणून तिची सही घेतलेली नाही. तिला वाचून दाखवावे.